कसरीने खाल्लेला उपाय

"पाय गार पडले का, पंडितजी?" निगुडकरांनी विचारले.

मी मान हलवली. बोलायची मला बंदी होती. सकाळचे सहा वाजले होते, आणि संस्कृत हस्तलिखितांच्या संपादनात पस्तीस वर्षे घालवलेला मी, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, थंड पाण्याने भरलेल्या निळ्या प्लास्टिकच्या टबात उभा होतो. माझ्या दोन्ही अंगांना मिळून आणखी अकरा टब होते आणि त्यांत चिंतेने ग्रासलेली अकरा माणसे. सगळ्यांची तोंडे कालव्याकडे होती, कारण वाहत्या पाण्याकडे पाठ करणे निगुडकरांना अशिष्टपणाचे वाटे.

"आता म्हणा!" निगुडकरांनी दोन्ही हात वर केले. "चिन्तादग्धस्य चित्तस्य शमनं कथ्यते मया! प्रातः शीतजले पादौ धृत्वा मौनी नित्यं स्थितो भवेत्!"

अकरा जणांनी म्हटले. मी मनात अक्षरे मोजली. शेवटच्या चरणात दोन जास्त भरली. कालही दोनच जास्त भरली होती.

"अर्थ ध्यानात ठेवा," निगुडकर म्हणाले. "चिंतेने पोळलेल्या मनासाठी ऋषी उपाय सांगताहेत. पहाटे थंड पाण्यात पाय ठेवून मुकाट उभं राहा. बस्स. एवढंच. हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, आणि आपण गोळ्या खात बसलोय."

मग पंधरा मिनिटे शांतता. त्यानंतर निगुडकरांची पुतणी रेवती रक्तदाबाचे यंत्र घेऊन टबामागून टब करीत येई. ती रीतसर शिकलेली डॉक्टर होती. काकांच्या टबांवर तिचा फारसा विश्वास नव्हता, पण पाऱ्यावर होता. तिने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, आणि भुवया उंचावल्या.

"एकशे अठ्ठ्याहत्तर, शंभर. सर, काल संध्याकाळी एकशे बेचाळीस होता हो! सकाळी सकाळी तुम्हाला होतं तरी काय?"

माझ्या गळ्यात एक पाटी अडकवलेली होती. तिच्यावर मी लिहिले: 'श्लोक.'

"श्लोकाचं काय?"

ते सांगायला पाटी लहान होती.

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, आणि टेबलावर माझ्या सहा खंडांच्या संपादनातील शेवटच्या खंडाची चारशे बारा पानांची मुद्रिते पडून होती. ती तपासू शकेल असा दुसरा माणूस महाराष्ट्रात नव्हता. हे मी अहंकाराने म्हणत नाही. ज्या दोघांना ती तपासता आली असती, त्यांतला एक वारला होता आणि दुसरा कुलगुरू झाला होता. नेत्रतज्ज्ञ एका सोमवारी शस्त्रक्रिया करायला तयार होते, आणि त्यानंतर चार महिने मुलाकडे परदेशी जाणार होते. दुसऱ्या कोणाच्या हाती डोळे देण्याची माझी तयारी नव्हती. त्यांची अट एकच होती: रक्तदाब दीडशे-नव्वदच्या खाली हवा. माझा एकशे ऐंशीखाली उतरायला तयार नव्हता.

"डॉक्टर म्हणाले, गोळ्या त्यांचं काम करतायत, तुम्ही करू देत नाही," माझी पत्नी वत्सला म्हणाली.

"गोळ्यांना अडवण्याची विद्या मला अवगत नाही."

"हेच ते! हे असं बोलता ना, तेव्हाच वर जातो."

महिनाभर तिने घरच्या घरी उपाय केले. सकाळी वाळ्याचे पाणी, दुपारी शंखपुष्पीचे सरबत, टाळूवर ब्राह्मीचे तेल, निजताना जायफळ उगाळून घातलेले दूध. तेलाने दोन उशा गेल्या. जायफळाने मी विभागाच्या बैठकीत झोपलो. त्या बैठकीत माझ्या गैरहजर मनाचा फायदा घेऊन दोन अत्यंत निर्बुद्ध ठराव संमत झाले. ते कळल्यावर रक्तदाब एकशे नव्वद झाला. मग तिच्या मावसबहिणीने निगुडकरांचे नाव सुचवले. सातारा जिल्ह्यात, एका कालव्याच्या काठी, दहा दिवस. वर्तमानपत्र नाही, चहा नाही, पुस्तक नाही.

"पुस्तक नाही?"

"अहो, तुम्हाला दिसतंय कुठे वाचायला?" वत्सला म्हणाली. तिच्या बोलण्यात दया नव्हती, पण तथ्य होते.

मधुसूदन निगुडकर हे पाटबंधारे खात्यातील निवृत्त कालवा निरीक्षक. शरीराकडेही ते खात्याच्याच नजरेने पाहत. शरीर म्हणजे कालवा, मन म्हणजे त्याचे दार, चिंता म्हणजे गाळ. पहिल्या दिवशीच्या व्याख्यानात त्यांनी आमचा श्लोक सांगितला आणि तो 'अतिप्राचीन' असल्याचे घोषित केले. मी हात वर केला.

"कोणत्या ग्रंथातला?"

"ग्रंथ आहे. आमच्या पूजेत असतो."

"ग्रंथाला नाव असतं."

"पंडितजी, पाण्याला नाव असतं का?"

"असतं. निरेचं, कृष्णेचं, नाल्याचं. आणि आपल्या चौथ्या चरणात दोन अक्षरं जास्त आहेत. अतिप्राचीनांना निदान आठपर्यंत मोजता येत असे."

सभा हसली. निगुडकरही हसले. त्या हसण्यात राग नव्हता, आणि नेमके तेच मला सहन झाले नाही. रेवतीने लगेच यंत्र लावले. एकशे शहाऐंशी.

"तुमच्या कालव्याला बोलण्याची गळती आहे," निगुडकर गंभीर होऊन म्हणाले. "तुम्हाला नऊ दिवस मौन."

अशा रीतीने पाटी आली.

दिवस नियमाने जाऊ लागले. टबानंतर गवतावर अनवाणी चालणे, मग कोहळ्याचा रस, पोटावर ओल्या मातीची पट्टी, एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडणे, दुपारी ज्वारीच्या लाह्या आणि मुगाचे वरण. मी प्रामाणिकपणे सांगतो, या कशालाही माझी हरकत नव्हती. गवत चांगले होते. श्वास तर मला इतका मानवला की मी आजही तो रोज घेतो. संध्याकाळी पारा एकशे चाळीसच्या आसपास उतरलेला असे. सकाळी श्लोक झाला की पुन्हा चढे.

माझ्या डाव्या हाताच्या टबात कोरेगावकडच्या कलावतीबाई जगदाळे असत. साठीच्या, ठेंगण्या, नऊवारीचा काष्टा आवळून पाण्यात उतरणाऱ्या. मुलगा सैन्यात, सीमेवर. दोन वर्षे त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. गेल्या खेपेला इथे येऊन गेल्यापासून झोप लागू लागली, म्हणून यंदा पुन्हा आल्या होत्या. मौनाची पंधरा मिनिटे सरली की त्या माझ्याशी बोलत, कारण मला उलट बोलता येत नसे.

"तुमचं बरं हाय, गुरुजी. आमचं मालक बी असंच, कायम गप. मेल्यावर तीन दिवस कुनाला फरकच कळंना."

मी पाटीवर काही लिहायला घेतले की त्या म्हणत, "ऱ्हाऊं द्या, मला वाचाया येत न्हाई."

"गुडघं लई धरत्यात बघा या गार पान्यानं," पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या. "राती चोळून चोळून निजते. आवं, मोठ्या सायबास्नी इचारलं मी, ऊन पानी घेऊं का? तर म्हनलं, ऋषींनी गार सांगितलंय. मंग म्हंजी गारच. आपून बदलनारं कोन?" आणि वाकून गुडघ्यावर हात दाबत त्या कालव्याकडे पाहू लागल्या.

त्या दिवशी माझा पारा एकशे एक्क्याऐंशीवर गेला. रेवती दुपारी माझ्या खोलीत आली आणि माझा तक्ता पलंगावर पसरून बसली.

"सर, हे बघा. म्हणजे बघू नका, मी सांगते. रोज सकाळी उंच, रोज संध्याकाळी खाली. जेवण तेच, झोप तीच. फरक एवढाच की सकाळी काका श्लोक म्हणतात. खरं ना?"

मी लिहिले: 'उत्तरार्ध बनावट.'

"म्हणजे दुसरी ओळ? कशावरून?"

मी पाटी पुसली. 'पहिल्या ओळीला वजन आहे. दुसरी पोकळ. कोणा हौशी माणसाने जुळवलेली.' पुसून पुन्हा: 'सुमार. गर्विष्ठ.'

रेवती हसली. "ओळीवरून गर्विष्ठपणा पण कळतो?"

मी मान हलवली. कळतो. तो माझा व्यवसाय होता.

"मग तुम्ही ते एकदाचं सिद्ध करा आणि मोकळे व्हा. ग्रंथ काकांच्या खोलीत आहे. तुम्हाला वाचता येणार नाही, मी वाचून दाखवते. पण एक सांगते," ती जरा थांबली, "सिद्ध झालं तरी काकांना काही बोलू नका."

माझ्या चेहऱ्यावर प्रश्न उमटला असावा, कारण ती दाराशी जाऊन बाहेर कोणी नाही हे पाहून आली.

"तेरा वर्षांपूर्वी काकांच्या हद्दीत कालवा फुटला. चूक कोणाची ते शेवटपर्यंत ठरलं नाही, पण चौकशी यांच्यावर लागली. दोन गावांतली शेतं वाहून गेली होती. हे तेव्हा कालव्यावरच्या बंगल्यात एकटे राहायचे. जेवत नव्हते, झोपत नव्हते. कालव्याच्या दाराच्या कठड्यावर उभे राहून तासन् तास खाली पाण्याकडे बघत असायचे, असं चौकीदार सांगतो. बंगल्याच्या कपाटात त्यांना हे जुनं पुस्तक सापडलं. त्यातला हा श्लोक वाचला. दुसऱ्या दिवशी कठड्यावर उभं राहण्याऐवजी पायऱ्या उतरले, पाण्यात पाय सोडले आणि उभे राहिले. रोज. तीन महिन्यांनी माणसांत आले." तिने तक्ता गुंडाळला. "मला त्या टबात काही औषध दिसत नाही, सर. पण माझा काका मला त्या टबातून परत मिळाला."

मी पाटीवर लिहिले: 'बोलणार नाही.' लिहिताना मनात मात्र मी त्या अज्ञात भामट्यासाठी एक सविस्तर टिपण तयार करीत होतो. दुःखी माणसांच्या हाती खोटी ओळ देणाऱ्याचे नाव, गाव आणि शतक शोधून काढून त्याला विद्वानांच्या सभेत उघडे पाडण्याचा माझा बेत होता.

नवव्या दिवशी संध्याकाळी निगुडकर गावात गेले असता रेवती मला त्यांच्या खोलीत घेऊन गेली. देव्हाऱ्याशेजारच्या चौरंगावर, लाल कापडात बांधलेला ग्रंथ होता. तिने गाठ सोडली. माझी अपेक्षा जत्रेत मिळणाऱ्या एखाद्या पोथीची होती. हाताला मात्र जाड, खरखरीत कागद लागला, आणि चांगल्या मुद्रणाचा दाब.

"वरचं आवरण नाही," रेवती म्हणाली. "पहिली काही पानं पण गेली आहेत. शेवटचीही. म्हणूनच काकांना नाव माहीत नाही. मधे खूण आहे, हे ते पान. वर श्लोक, खाली बारीक अक्षरांत टिपा. वाचू?"

मी मान हलवली.

"आधी मागच्या श्लोकावरची टीप. 'लेखनिक येथे झोपी गेला असावा; त्याला उठवण्याचे कारण दिसत नाही.'" ती हसायला लागली. "हा टिपा लिहिणारा भलताच खवचट आहे हो! पुढची ऐका. 'हे दोन शब्द मूळ लेखकाचे असतील, तर त्याच्याविषयीचा आदर कमी करावा लागेल. म्हणून ते त्याचे नाहीत असे मानले आहे.' बाप रे. अशा माणसाच्या घरात कोणी राहत असेल का?"

"वाच," मी म्हणालो.

आठ दिवसांनी माझ्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. रेवती दचकली.

"सर, मौन!"

"वाच. चिन्तादग्धस्य. त्या श्लोकावर टीप आहे का?"

"नाही. या श्लोकावर काहीच नाही."

"दुसऱ्या ओळीभोवती कंस आहेत का? चौकोनी?"

"कंस?" तिने पान उजेडात धरले. "नाहीत."

"नीट बघ."

"नाहीत हो. का? असायला हवे होते?"

मी चौरंगाशेजारच्या खुर्चीवर बसलो. पाटी माझ्या पोटावर आडवी पडली होती.

"ही ओळ मला ठाऊक आहे," मी म्हणालो.

"रोज म्हणतोय आपण, ठाऊक असणारच."

"मी रचली आहे."

रेवती मला निरखून पाहू लागली. तिला वाटले असावे की मौनाचा परिणाम मेंदूवर झाला. मग मी तिला सांगितले. या संपादनाचा पहिला खंड मी एकोणीसशे एक्याऐंशी साली छापला. मनाच्या विकारांवरचा तो भाग एकाच हस्तलिखितात उपलब्ध होता. ग्रंथकार गंभीरपणे म्हणतो की पोळलेल्या मनाचा उपाय मी सांगतो, आणि नेमकी त्यापुढची ओळ कसरीने खाल्लेली. एवढीशी कीड! सगळे पान सोडून तिने उपाय तेवढा खाल्ला होता. मी दोन वर्षे दुसऱ्या प्रतीची वाट पाहिली. मिळाली नाही. छापखान्याची घाई होती. मे महिन्यातल्या एका दुपारी बसून मी ती जागा भरली. आमच्या व्यवसायात हे चालते. नियम एवढाच की संपादकाने स्वतः भरलेला मजकूर चौकोनी कंसात घालायचा आणि खाली तसे लिहायचे.

"मग छापखान्याने कंस गाळले?"

हे उत्तर सोपे होते. सुरुवातीला मी स्वतःला तेच दिले होते, आणि बावीस वर्षांत ओळच विसरून गेलो होतो.

"नाही," मी म्हणालो. "कंस होते, टीपही होती. शेवटच्या मुद्रितावर मी दोन्ही काढून टाकली. ओळ छान जमली होती. कंसात ती ठिगळासारखी दिसत होती. पुढे एका परीक्षणात त्याच ओळीला 'प्राचीनांच्या चिंतनाचा परिपाक' म्हटलं गेलं. मी परीक्षणकाराला आभाराचं पत्र पाठवलं."

रेवतीने ग्रंथ हळूच मिटला. मग तिला एकदम काही आठवल्यासारखे झाले.

"पण सर, थंड पाण्यात पाय? हे तुम्हाला सुचलं कुठून?"

"उकडत होतं," मी म्हणालो. "माझे पाय बादलीत होते."

पदर असता तर ती तो तोंडावर धरून हसली असती. तो नसल्यामुळे तिने ग्रंथाचे लाल कापड धरले. डोळे पुसून झाल्यावर ती पुन्हा डॉक्टर झाली आणि तिने यंत्र आणले. एकशे चौऱ्याण्णव, एकशे सहा. संध्याकाळचा आकडा पहिल्यांदाच सकाळवर गेला होता.

"ऐका," ती म्हणाली. "उद्या शेवटचा दिवस. उद्या सकाळी दीडशेखाली आला, तरच मी त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करू शकते. खोटा आकडा मी सांगणार नाही. तुम्ही आज काही बोललाच नाहीत, मी काही ऐकलं नाही. उद्या टबात उभं राहायचं, काका दोन शब्द बोला म्हणतील, तुम्ही 'छान वाटलं' म्हणायचं आणि यायचं. काकांना हे कळलं तर ते मोडून पडतील. तुमचा आकडा दोनशेवर जाईल. तुमचे डोळे, तुमचा खंड, सगळं राहील. कशासाठी?"

तिच्या युक्तिवादात एकही दोष नव्हता. मी शोधला.

दहाव्या दिवशी सकाळी निगुडकरांनी माझ्या गळ्यातली पाटी स्वतःच्या हाताने काढली. "पंडितजींचं मौन आज सुटलं!" ते सर्वांना म्हणाले. "हे सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी यांनी मला कसं झोडपलं ते तुम्ही ऐकलंच आहे. आज त्यांनीच श्लोकावर दोन शब्द बोलावेत. बोला, पंडितजी. चूक असेल तर चूक म्हणा."

दूरच्या टबापाशी रेवतीची धूसर आकृती माझ्याकडे तोंड करून उभी होती. निगुडकर हात जोडून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर त्या ओळीवरचा जो विश्वास होता, तो मी पस्तीस वर्षांत कोणत्याही विद्वानाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. डावीकडे कलावतीबाई ओठ आवळून वजन या पायावरून त्या पायावर टाकीत होत्या.

"छान वाटलं," मी म्हणालो.

रेवतीने श्वास सोडला.

"पण यातली दुसरी ओळ ऋषींची नाही. ती माझी आहे. हे तुमच्या पूजेतलं पुस्तक मीच संपादित केलं. पहिली ओळ जुनी. दुसरी जागा किडीने खाल्ली होती, ती मी भरली, आणि भरली असं सांगितलं नाही. त्यामागे प्राचीन ज्ञान नाही. तप नाही. प्रयोग नाही. तेरा वर्षं तुम्ही माझ्या खोटेपणात उभे आहात, निगुडकर. मी आपली माफी मागतो. आणि 'नित्यं' हा शब्द माझा नाही. तो काढा. दोन अक्षरं जास्त होतात."

 बारा टबांतले पाणी स्तब्ध होते. निगुडकरांचे जोडलेले हात हळूहळू सुटे झाले.

"म्हणजे ऋषी नव्हतेच?"

"पहिल्या ओळीला होते. दुसरीला मी होतो."

"केव्हा?"

"एक्याऐंशी साली. मे महिन्यात."

"आणि... पाण्यात पाय... ते कुठून?"

"उकाडा होता. मी पाय बादलीत सोडून बसलो होतो."

निगुडकर कालव्याकडे पाहत राहिले. रेवती धावत त्यांच्या बाजूला आली होती, पण तिने त्यांना हात लावला नाही. एवढ्या वेळात मला माझे डोळे, खंड, सोमवार, कशाचीच आठवण झाली नाही.

"पंडितजी," ते शेवटी म्हणाले, "एक विचारतो. बादलीत पाय होते तेव्हा तुम्हाला बरं वाटत होतं का?"

हा प्रश्न मला कोणत्याही परीक्षणकाराने विचारला नव्हता. मी आठवून पाहिले. दोन वर्षांचे खोळंबलेले काम, छापखान्याचा तगादा, घामाने चिकटलेले कागद. आणि घोट्याभोवतीचे ते पाणी.

"हो," मी म्हणालो. "त्या दिवशी पहिल्यांदाच."

"मग झालं तर!" निगुडकर जवळजवळ ओरडले. "म्हणजे अनुभवाची आहे! अहो, मी समजत होतो ऋषी मेले, आता विचारायचं कोणाला. आणि लेखक इथे नऊ दिवस टबात उभा, आणि मी त्याच्या तोंडाला कुलूप घालून ठेवलं! रेवती, हे तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार, काका?" रेवती म्हणाली आणि घाईघाईने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळू लागली. "सर, आता एक अक्षर बोलू नका. हा शेवटचा आकडा. अगदी गप्प."

ती हवा भरू लागली. पारा चढला. आणि डावीकडून कलावतीबाईंचा आवाज आला.

"गुरुजी, मंग ह्ये तुमीच लिवलंय म्हना की."

मी मान हलवली.

"मंग तुमी बदलूं बी शकता."

रेवतीने त्यांना हाताने थांबण्याची खूण केली. त्या थांबल्या नाहीत. नऊ दिवस त्या थांबल्याच होत्या.

"न्हाई म्हंजी, पानी कोमट केलं तर चालंल का? गुडघं लई धरत्यात वो."

अकराही टबांतून माना माझ्याकडे वळल्या. निगुडकरांनी खिशातून पेन काढले. रेवती नळी कानांना लावून, डोळे पाऱ्यावर ठेवून, मान जोरजोराने नकारार्थी हलवीत होती.

"कोमट चालेल," मी म्हणालो.

"सर!"

"बंब पेटवा रे!" निगुडकर स्वयंपाकघराच्या दिशेने धावत सुटले. पंचा खांद्यावरून घसरून गवतावर पडला, तो उचलायलाही ते थांबले नाहीत. कलावतीबाईंनी डोळे मिटून दोन्ही गुडघ्यांवर हात फिरवला, जणू बातमी त्यांना सांगत होत्या.

हवा सूं करीत सुटत होती. रेवतीने एकदा पाऱ्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि खात्री करण्यासाठी पुन्हा हवा भरून मोजले.

"एकशे अडतीस, शहाऐंशी," ती म्हणाली. "बोलून सुद्धा!" तिने तक्त्यावर आकडा लिहिला, खाली सही केली. "सोमवारी जा, सर. मी आत्ता फोन करते."

पहिली गरम बादली येईपर्यंत पलीकडच्या टबातल्या एका गृहस्थांनी पंधराऐवजी दहा मिनिटे उभे राहण्याची परवानगी मागितली. ती मी दिली. दुसऱ्या एकाला मौनाऐवजी रेडिओ हवा होता. तो नाकारला. निगुडकर धापा टाकीत परतले होते आणि वहीत सारे नोंदवून घेत होते.

कलावतीबाईंच्या टबात कढत पाणी ओतले गेले. वाफ त्यांच्या चेहऱ्यापर्यंत आली. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"गुरुजी, आता येवडं केलंच हाय, तर मूठभर मीठ टाकूं का? आमची सासू टाकायची."

मी विचार केला. संपादकाने कुठेतरी थांबायला हवे.

"नाही," मी म्हणालो. "मीठ मागाहून कोणीतरी घुसडलेलं आहे."